मन धावते, बुद्धी चालते

मन आणि बुद्धी यांच्याशी संबंधित शब्दांविषयी आलेल्या पत्रांना या अंकात एकत्र उत्तरे देत आहोत. ‘या दोन शब्दांत फरक काय?’ हा प्रश्न बहुतेक पत्रांत आहे. तो सोडवण्याची एक खात्रीची वाट म्हणजे त्या शब्दासोबत मराठीत कोणते क्रियापद येते ते पाहणे. कोशात पुष्कळदा एका शब्दापुढे दुसरा शब्द ठेवलेला असतो, आणि दुसऱ्यापुढे पहिला. क्रियापदाशी अशी अदलाबदल चालत नाही.

प्रश्न: मन, बुद्धी, चित्त, अंतःकरण हे समानार्थी शब्द आहेत का? नववीच्या मुलांना फरक कसा सांगावा?
(शिक्षिका, सांगली)

समानार्थी म्हणून एका ओळीत लिहू नका. मुलांना फळ्यावर दोन रकाने आखायला सांगा. ‘मन’च्या खाली धावते, भटकते, रमते, विटते, उडते, खाते. ‘बुद्धी’च्या खाली चालते, होते, सुचते, फिरते, गहाण पडते. आता अदलाबदल करून वाक्ये करायला लावा. ‘बुद्धी रमली’ किंवा ‘मन गहाण टाकले’ म्हणताना मुले स्वतःच अडतील. मन ओढले जाते आणि बुद्धी ठरवते, हा फरक व्याख्येशिवाय त्यांच्या कानाला कळतो.

हा फरक जुना आहे. वेदान्तात ‘अंतःकरण’ म्हणजे आतले साधन (करण म्हणजे साधन), आणि त्याची चार कामे मानली आहेत. संकल्प-विकल्प करते ते मन, निश्चय करते ती बुद्धी, पूर्वी अनुभवलेले पुढे आणते ते चित्त आणि ‘हे माझे’ म्हणतो तो अहंकार. एसटी थांब्यावर उभे राहून हे समजावता येते. लांबून गाडी दिसते. ‘आपली असेल की दुसरी?’ हे मन. काल याच वेळी याच रंगाची पाटी पाहिली होती, हे आठवते ते चित्त. ‘ही पंढरपूरचीच’ असे ठरते ती बुद्धी. ‘माझी गाडी आली’ यातला ‘माझी’ म्हणजे अहंकार. सांख्यदर्शनात मात्र आतली साधने तीनच आहेत, बुद्धी, अहंकार आणि मन. दहा इंद्रिये धरून एकूण 13. म्हणून मुलाने एका पुस्तकात तीन आणि दुसऱ्यात चार वाचले तर त्यात चूक नाही. दर्शने वेगळी आहेत. कठोपनिषदातील रथाची उपमाही इथे उपयोगी पडते. शरीर रथ, इंद्रिये घोडे, मन लगाम आणि बुद्धी सारथी. लगाम ताणला जातो, पण कुठे वळायचे ते सारथी ठरवतो.

आजच्या मराठीत मात्र दोन शब्द जुन्या जागेवरून सरकले आहेत. ‘अंतःकरण’ आता दयेचे आणि गहिवराचे स्थान झाले आहे. अंतःकरण भरून येते, निरोप जड अंतःकरणाने घेतला जातो, कठोर माणसाला ‘अंतःकरणच नाही’ असे म्हणतात. ‘अहंकार’ तर सरळ घमेंडीच्या अर्थाने रुळला. ‘चित्त’ थोडे मागे पडले तरी स्वतःचा पिंड राखून आहे. ते थाऱ्यावर असते किंवा नसते. म्हणजे चित्ताचा संबंध एकाग्रतेशी आहे. ‘दत्तचित्त’, ‘चित्तवेधक’, ‘चित्तथरारक’ हे शब्द तेच सांगतात.

‘बुद्धी’ची आणखी एक छटा मुलांना जरूर दाखवा, कारण परीक्षेतल्या समानार्थी शब्दांत ती हरवते. ‘त्याला जायची बुद्धी झाली’, ‘दुर्बुद्धी सुचली’, ‘देव सद्बुद्धी देवो’ या वाक्यांत हुशारीचा संबंध नाही. इथे बुद्धी म्हणजे ठरवणे, हेतू. ‘बुद्धिपुरस्सर’ म्हणजे मुद्दाम, हे त्यातूनच आले. आणि ‘जाणूनबुजून’मधला ‘बुजून’ हा बिचकणाऱ्या घोड्याचा ‘बुजणे’ नव्हे. तो संस्कृत ‘बुध्’ धातूचा प्राकृतातून आलेला वंशज आहे. ‘समजणे’ही ‘सम्’ आणि ‘बुध्’ यांचेच. बुध् म्हणजे मुळात जागे होणे. म्हणून कार्तिक शुद्ध एकादशीला, विष्णू झोपेतून उठतो तेव्हा, ‘प्रबोधिनी’ म्हणतात.

प्रश्न: ‘मनावर घेणे’ आणि ‘मनाला लावून घेणे’ यांत माझा गोंधळ होतो.
(वाचक, बेळगाव)

‘तिने गाणे मनावर घेतले’ म्हणजे ती निश्चयाने, नेटाने शिकू लागली. ‘तिने बोलणे मनाला लावून घेतले’ म्हणजे ती दुखावली. ‘मनावर घेऊ नकोस’ हे सांत्वन म्हणून हल्ली ऐकू येते, पण ज्याला धीर द्यायचा आहे त्याला ‘मनाला लावून घेऊ नकोस’ असेच म्हणावे.

प्रश्न: बुद्धि, बुद्धी, बुध्दी यांतले बरोबर कोणते? ‘बुद्धिमान’मध्ये ऱ्हस्व आणि ‘बुद्धीने’मध्ये दीर्घ असे का?
(स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, परभणी)

स्वतंत्र शब्द ‘बुद्धी’. मराठी साहित्य महामंडळाचे जे शुद्धलेखन नियम राज्य शासनाने 1962 साली मान्य केले, त्यांनुसार संस्कृतातून जसेच्या तसे आलेले ऱ्हस्व इकारान्त आणि उकारान्त शब्द मराठीत दीर्घान्त लिहायचे. त्यामुळे बुद्धी, मती, स्मृती, धृती. विभक्ती लागली तरी दीर्घच राहते: बुद्धीने, मतीला, स्मृतीत.

समासात तोच शब्द पहिल्या जागी आला की मूळ ऱ्हस्व रूप परत येते: बुद्धिमान, बुद्धिबळ, बुद्धिजीवी, मतिमंद, मतिभ्रम, स्मृतिदिन, स्मृतिभ्रंश. शेवटच्या जागी आला तर पुन्हा दीर्घ: सद्बुद्धी, संमती, विस्मृती. पाठ करण्याऐवजी एवढे पाहा की इकारानंतर प्रत्यय आहे की दुसरा शब्द. ‘ने’, ‘चा’, ‘ला’, ‘त’ असेल तर दीर्घ, ‘दिन’, ‘बळ’, ‘भ्रंश’ असेल तर ऱ्हस्व. ‘मान’ आणि ‘मत्ता’ यांना संस्कृत प्रत्यय म्हणून ऱ्हस्वाच्या गटात धरा. परीक्षेत हमखास विचारला जाणारा अपवाद ‘यथामति’चा. ते अव्यय असल्याने ‘तथापि’सारखे ऱ्हस्वच राहते.

‘बुध्दी’ ही सरळ चूक आहे. या जोडाक्षरात आधी द आणि मग ध. उच्चार करून पाहिला की पटते. ही चूक एवढी पसरण्याचे कारण लिपीत आहे. ध ला उभा दंड आहे, तो काढला की अर्धा ध तयार होतो. द ला दंड नाही, म्हणून त्याचे अर्धे रूप वेगळे नसते, पूर्ण जोडाक्षरच हवे. जुन्या टंकांत ते सहज मिळत नसे, तेव्हा अर्धा ध आणि पूर्ण द जोडून काम भागवले जाई. आता युनिकोडमध्ये द, पाय मोडण्याची खूण, ध असे क्रमाने टंकले की ‘द्ध’ आपोआप जुळते. शुद्ध, सिद्ध, प्रसिद्ध, युद्ध सगळीकडे हेच. ‘तज्ज्ञ’ही याच ओघात तपासून घ्या. तो तद् आणि ज्ञ यांचा संधी आहे, म्हणून ज्ञ च्या आधी एक अर्धा ज हवाच. ‘तज्ञ’ अपुरा आहे. ‘बुद्धिमत्ता’ आणि ‘विद्वत्ता’ यांत त चे द्वित्त आहे, कारण मुळात बुद्धिमत् आणि विद्वत् यांना ‘ता’ लागला आहे.

प्रश्न: मनोपूर्वक की मनःपूर्वक? मनोरंजन चालते, मग मनोशांती का नाही?
(अनुवादक, पुणे)

मूळ शब्द ‘मनस्’. त्याचा शेवट पुढच्या अक्षराप्रमाणे बदलतो, म्हणून पुढचे अक्षर पाहिले की उत्तर मिळते.

पुढे मृदू व्यंजन असेल, म्हणजे प्रत्येक वर्गातले तिसरे, चौथे, पाचवे किंवा य, र, ल, व, ह यांपैकी, तर ‘मनो’: मनोगत, मनोधैर्य, मनोबल, मनोमीलन, मनोरुग्ण, मनोव्यापार, मनोहर. पुढे क, ख, प, फ किंवा श, ष, स असेल तर विसर्ग तसाच: मनःपूर्वक, मनःपटल, मनःशांती, मनःस्थिती, मनःसामर्थ्य. पुढे त असेल तर स्: मनस्ताप. पुढे च असेल तर श्: मनश्चक्षू. एवढ्या नियमात रोजच्या वापरातले जवळजवळ सगळे शब्द बसतात. मनोपूर्वक, मनोशांती, मनोस्थिती ही तिन्ही रूपे त्यामुळे बाद. ‘मनोकामना’ नियमाने ‘मनःकामना’ व्हायला हवी, पण हे रूप इतके रुळले आहे की ते खोडत बसू नये. त्याच्या धर्तीवर नवे शब्द मात्र घडवू नका.

हा नियम संस्कृत शब्दांच्या जोडीला आहे. दुसरा शब्द अस्सल मराठी किंवा फारसी वळणाचा असेल तर साधे ‘मन’: मनमोकळा, मनमिळाऊ, मनकवडा, मनधरणी, मनमानी, मनपसंत. हे शब्द शुद्ध करण्याच्या नादात कोणी ‘मनोमिळाऊ’ लिहू लागले तर ती मोठी चूक ठरेल.

जाता जाता आणखी एक खड्डा. अभिमान, अपमान, अवमान, सन्मान यांतले ‘मान’ मन् (मानणे) या धातूचे. अनुमान, परिमाण, प्रमाण यांतले मा (मोजणे) या धातूचे. म्हणून ‘अनुमान’ आणि ‘अनुमती’ दिसायला बहिणी वाटल्या तरी घराणी वेगळी आहेत.

प्रश्न: वर्णनात्मक नोंदींत आम्ही ‘हुशार’, ‘चतुर’, ‘चाणाक्ष’ हे शब्द आलटून पालटून वापरतो. ते बरोबर आहे का?
(प्राथमिक शिक्षक, चिपळूण)

हे शब्द आलटून पालटून वापरता येत नाहीत. प्रत्येकात वेगळी गोष्ट मोजली जाते.

‘हुशार’ फारसी ‘होशियार’वरून आला. होश म्हणजे शुद्ध, भान. ताप उतरल्यावर ‘आज जरा हुशारी वाटते’ असे आपण म्हणतो, तिथे जुना अर्थ अजून जिवंत आहे. गंमत अशी की बुध् म्हणजेही जागे होणे. संस्कृताच्या वाटेने आलेली ‘बुद्धी’ आणि फारसीच्या वाटेने आलेली ‘हुशारी’ दोन्ही जागेपणापासून निघाल्या. आज शाळेत ‘हुशार’ म्हणजे चांगले गुण मिळवणारा, इतका तो अर्थ आक्रसला आहे.

‘शहाणा’ वागण्याचा शब्द आहे. त्याचे मूळ ‘सज्ञान’, म्हणजे कायद्यात 18 वर्षे पूर्ण झालेल्याला जो शब्द लागतो तोच, प्राकृतातून झिजत आला. ‘शहाणं बाळ’ म्हणजे हट्ट न करणारे बाळ; त्याच्या गणिताशी त्या शब्दाचे देणेघेणे नाही. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, शहाण्याला शब्दाचा मार, या म्हणींत विवेकच अभिप्रेत आहे. मूल हुशार असून शहाणे नसू शकते, आणि उलटही. परंतु ‘शहाणा आहेस!’ हे सूर बदलला की टोचते. ‘दीडशहाणा’ आणि ‘अतिशहाणा’ हे तर निंदेचेच. लिखित नोंदीत सूर ऐकू येत नाही, म्हणून हा शब्द टाळावा.

‘चतुर’ म्हणजे प्रसंग पाहून चटकन मार्ग काढणारा. ‘चाणाक्ष’ म्हणजे न सांगितलेले टिपणारा. हा गुण नजरेचा. ‘चलाख’ फारसीतून आला. मुळात त्यात चपळाई आहे, ‘हातचलाखी’त ती दिसते, पण माणसाला लावला की लबाडीचा वास येतो. ‘धूर्त’ संस्कृतात ठकाला म्हणत. मराठीत राजकारण्याला लावला तर अर्धे कौतुक, मुलाला लावला तर पूर्ण दोष. ‘एकपाठी’ म्हणजे एकदा ऐकले की ज्याच्या लक्षात राहते तो, त्यामुळे तो फक्त स्मरणाचा गुण आहे. ‘चौकस’ विचारपूस करतो, ‘चिकित्सक’ तपासून घेतो, ‘कल्पक’ नवे सुचवतो. ‘बहुश्रुत’ने पुष्कळ ऐकलेले असते, ‘व्यासंगी’ एका विषयाचा पिच्छा सोडत नाही. ‘कुशाग्र’ म्हणजे दर्भाच्या टोकासारखी. तीक्ष्ण आहे, पण टोक एकच. अनेक विषयांत गती असलेल्याला ‘चतुरस्र’ म्हणावे. हा शब्द ‘चतुरस्त्र’ असा छापलेला वारंवार दिसतो. ‘अस्र’ म्हणजे कोन, चार कोनांचा म्हणून सर्व बाजूंनी पूर्ण. त नको, अस्त्रांचा इथे संबंध नाही.

आता नोंदीविषयी. ‘हुशार आहे’ यातून पालकांना काहीच मिळत नाही. पाहिलेली कृती लिहा: ‘गोष्ट एकदा ऐकून क्रमाने सांगतो’, ‘उत्तर चुकले तर दुसरी रीत करून पाहते’, ‘न सांगता मापे पडताळतो’. गुणवाचक शब्द लागलाच तर कृतीनंतर लिहा. आणि ‘ढ’, ‘मठ्ठ’, ‘मंद’ हे शब्द कागदावर तर नकोतच, वर्गात तोंडीही नकोत. मूल ते आयुष्यभर वागवते. ‘वाचनाला जास्त वेळ लागतो, तोंडी उत्तरे बरोबर येतात’ असे लिहिले तर पुढच्या शिक्षकाला काम कुठे करायचे ते कळते.

प्रश्न: ‘दिमाख’ म्हणजे मेंदू ना? मग ‘दिमाखदार सोहळा’ कसा?
(वाचक, इंदूर)

अरबी ‘दिमाग़’ म्हणजे मेंदू. हिंदीत तो अर्थ राहिला. मराठीत शब्द आला आणि ‘डोक्यात हवा जाणे’ या वाटेने ऐट, डौल या अर्थावर स्थिरावला. मराठीत मेंदूच्या अर्थाने ‘दिमाख’ लिहू नये. त्या अर्थाचा फारसी ‘मगज’ मात्र ‘मगज खाणे’, ‘मगजमारी’ यांत टिकला आहे.

प्रश्न: ‘विक्षिप्त’ म्हणजे वेडसरच ना?
(वाचक, नाशिक)

आज ‘विक्षिप्त’ म्हणजे लहरी, तऱ्हेवाईक. योगशास्त्रात चित्ताच्या पाच अवस्था सांगितल्या आहेत: क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र, निरुद्ध. तिथे विक्षिप्त ही क्षिप्ताहून बरी अवस्था आहे, मधूनमधून स्थिर होणारी, पुन्हा विस्कटणारी. जुना ग्रंथ वाचताना आजचा अर्थ लावला तर पाचांचा चढता क्रमच कळत नाही.

प्रश्न: घरात वयस्कर आजोबा आहेत आणि बौद्धिक वाढ कमी असलेला भाचा आहे. नातेवाईक दोघांनाही ‘मनोरुग्ण’ म्हणतात. अर्जात आणि डॉक्टरांपुढे नेमके कोणते शब्द वापरावे?
(वाचक, अकोला)

इथे शब्द चुकला की कागद चुकीच्या खोलीत जातो, म्हणून सविस्तर.

भाच्यासाठी ‘बौद्धिक दिव्यांगत्व’. ‘मतिमंद’ हा जुना शब्द आता टाळतात, ‘वेडा’ तर कधीच बरोबर नव्हता. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत, त्यांत बौद्धिक दिव्यांगत्व आणि मानसिक आजार स्वतंत्र आहेत. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, 2017 मध्येही मानसिक आजाराच्या व्याख्येतून बौद्धिक वाढ अपुरी असणे वगळले आहे. अर्जात मोघम ‘मानसिक दिव्यांग’ लिहिले तर तपासणीच वेगळी होते. बौद्धिक दिव्यांगत्वासाठी बुद्धिगुणांकाची चाचणी आणि रोजचे व्यवहार किती जमतात याची मोजणी होते. मानसिक आजारासाठी स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद व आकलन आणि काम या चार बाबी पाहतात. बहुतेक सवलतींसाठी प्रमाणपत्रावर 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व लागते.

आजोबांबाबत ‘विसरतात’ एवढे सांगणे अपुरे आहे. केव्हापासून, हा पहिला शब्द. महिनोन्महिने हळूहळू वाढत गेले असेल, आधी पैशांचा हिशोब आणि मग ओळखीचे रस्ते चुकू लागले असतील, तर तो ‘स्मृतिभ्रंश’ असू शकतो. परंतु काल-परवापर्यंत ठीक असलेला माणूस अचानक असंबद्ध बोलू लागला, दिवसा गुंगी आणि रात्री बडबड, मधेच शुद्धीवर आल्यासारखा, तर जुनी माणसे म्हणतात तो ‘वात’ किंवा भ्रमिष्टपणा. हा जंतुसंसर्ग, शरीरातील पाणी किंवा सोडियम कमी होणे, नवे औषध यांमुळे होतो आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो. ‘वय झालं, विसरतात’ म्हणून थांबणे इथे महागात पडते. हळूहळू वाढलेल्या विसरण्यातही ब-12 जीवनसत्त्व आणि थायरॉइड तपासून घ्यावे, कारण त्यांच्या कमतरतेने आलेला विसर उपचाराने कमी होऊ शकतो. डॉक्टरांना वेळ, दिवसातले चढउतार आणि न जमणारी दोन-तीन कामे सांगा; निदानाचा शब्द त्यांच्यावर सोडा.

‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातही आहे. रागातून मोह, मोहातून स्मृतीचा घोटाळा, स्मृतिभ्रंशातून बुद्धिनाश. तिथे आजार अभिप्रेत नाही. रागाच्या भरात शिकलेले विसरणे, एवढाच अर्थ आहे. तसेच ‘छिन्नमनस्कता’ या नावावरून ‘एका माणसात दोन माणसे’ असा समज होतो. तोही चूक. त्या आजारात विचार, भावना आणि वास्तवाचे भान यांची एकमेकांशी असलेली जुळणी तुटते.

कोणाकडे जावे? मनोविकारतज्ज्ञ हे वैद्यकीय डॉक्टर, औषधे ते देतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि बोलण्यातून उपचार करतात. समुपदेशक अडचणीतून वाट शोधायला मदत करतात. ‘मानसोपचारतज्ज्ञ’ हा शब्द वरील पहिल्या दोघांनाही लावला जातो, म्हणून भेट ठरवताना ‘औषधे देतात का?’ असे सरळ विचारा. तातडीने बोलायचे असेल तर सरकारी टेली-मानस सेवेचा क्रमांक 14416 आहे.

प्रश्न: बुद्ध्यंक, बुद्धिगुणांक यांतले काय वापरावे? आणि ‘मानसिक वय’?
(वाचक, सोलापूर)

दोन्ही बरोबर, ‘बुद्धिगुणांक’ अधिक रूढ. विल्यम स्टर्न यांनी 1912 मध्ये मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याची कल्पना मांडली आणि लुईस टर्मन यांनी 1916 च्या चाचणीत त्याला 100 ने गुणले. दहा वर्षांच्या मुलाने बारा वर्षांच्या मुलांइतकी उत्तरे दिली तर 120. मोठ्यांना हे लागू पडत नाही. चाळिशीच्या माणसाचे मानसिक वय साठ म्हणण्यात काही अर्थ नाही. म्हणून आता त्याच वयोगटाच्या सरासरीशी तुलना होते. सरासरी 100, प्रमाण विचलन 15, सुमारे 68 टक्के लोक 85 ते 115 मध्ये. ‘मानसिक वय पाच’ असे प्रौढ व्यक्तीबद्दल लिहू नये. तिच्याकडे जगण्याचा अनुभव पाच वर्षांचा नसतो.

प्रश्न: आमच्या मराठी शाळेतली मुले ‘मी विचार करतो की पाऊस पडेल’, ‘मी माझे मन बदलले’, ‘मला विसरलो’ असे म्हणतात. कसे दुरुस्त करावे?
(स्वयंसेविका, न्यू जर्सी)

मराठीत मनाच्या पुष्कळ क्रिया माणसाकडे येतात, तो त्या करत नाही. मला वाटते, मला कळते, मला आठवते, मला सुचते, मला जाणवते. ‘मी विचार करतो’ फक्त मुद्दाम बसून केलेल्या कामासाठी. म्हणून ‘मला वाटते, पाऊस पडेल’. मन बदलत नाही. ‘माझा विचार बदलला’ किंवा ‘बेत बदलला’. विसरणे मात्र आपल्याकडून होते, म्हणून ‘मी विसरलो’. ‘मला आठवते’ आणि ‘मी विसरलो’ ही जोडी मुलांकडून मोठ्याने म्हणून घ्या. ‘मला विसरलो’ आपोआप सुटते. ‘मला विसर पडला’ हेही चालते, तिथे कर्ता ‘विसर’ आहे.

पुढचा टप्पा छटांचा. बातमी कळते, धडा समजतो, चूक उमजते, आईचा थकवा जाणवतो, रस्ता ठाऊक असतो. ‘लक्षात येणे’ म्हणजे ध्यानी येणे, ‘लक्षात ठेवणे’ म्हणजे मुद्दाम जपणे, ‘लक्षात राहणे’ म्हणजे आपोआप टिकणे. ‘समजणे’ दोन्हीकडे चालते, पण अर्थ बदलतो: ‘मला समजले’ म्हणजे उलगडले, ‘मी तुला शहाणा समजत होतो’ म्हणजे मानत होतो. मुलांना ‘नेणीव’ हा शब्दही जरूर द्या. न जाणणे यासाठी जुन्या मराठीत ‘नेणणे’ हे स्वतंत्र क्रियापद होते. मानसशास्त्रात मनाच्या न जाणवणाऱ्या भागाला ‘नेणीव’ म्हणायची सोय त्यामुळे मराठीला घरातच मिळाली.

प्रश्न: ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ की ‘कृत्रिम प्रज्ञा’?
(पत्रकारितेचा विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

कृत्रिम बुद्धिमत्ता. ‘बुद्धिमत्ता’ कमी-अधिक मोजता येते, यंत्राबाबत तेवढेच म्हणायचे असते. ‘प्रज्ञा’ला बौद्ध परंपरेत शील आणि समाधी यांच्या शेजारी स्थान आहे; महाराष्ट्रात ‘प्रज्ञा, शील, करुणा’ ही त्रयी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांमुळे घराघरांत पोहोचली. चांगले-वाईट जाणणारी दृष्टी त्या शब्दात आहे. तो यंत्राला देऊन टाकला तर माणसासाठी दुसरा शब्द उरत नाही. ‘मेधा’ही नको, ती धारणेची, म्हणजे ग्रहण करून टिकवण्याची शक्ती. अमरकोशात धारण करणाऱ्या ‘धी’लाच मेधा म्हटले आहे.

प्रश्न: मृत्युपत्रात ‘मी राजीखुशीने व अक्कलहुशारीने’ असे लिहितात. वडिलांना हा शब्द हलका वाटतो. काढला तर चालेल का?
(वाचक, सातारा)

शब्द काढला तर चालेल, पण त्याचा आशय राहू द्या. ‘अक्कल’ एकटी आली की मराठीत बहुधा ती नसल्याचेच सांगितले जाते, म्हणून वडिलांना ते खटकत असेल. ‘अक्कल आहे का?’, ‘अक्कल पाजळू नकोस’, नुकसान झाले की ‘अक्कलखाती जमा’. जोडशब्दात मात्र ती अब्रूने उभी आहे. अक्कल म्हणजे बरे-वाईट कळणे आणि हुशारी म्हणजे वर सांगितलेला जुना अर्थ, शुद्धीत असणे. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 च्या कलम 59 नुसार मृत्युपत्र करणारा सज्ञान आणि स्वस्थचित्त असावा लागतो. ‘अक्कलहुशारी’ त्या दुसऱ्या अटीचेच मराठी आहे. ऐवजी ‘माझे मन स्वस्थ असताना, मजकूर वाचून व समजून, कोणाच्याही दडपणाशिवाय’ असे लिहिता येईल. ‘वाचून व समजून’ गाळू नका. दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. डॉक्टरांचा दाखला सक्तीचा नाही, पण वय जास्त असेल तर त्याच तारखेचा घ्यावा आणि त्यात फक्त ‘प्रकृती ठीक’ असे नको, ‘प्रश्न समजून उत्तरे देतात, वेळ, स्थळ व व्यक्ती यांचे भान आहे’ असे लिहून घ्यावे.